उपकेंद्रावर नवा आरोग्य सेवक: साथ पसरू नये म्हणून नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुम्ही यंदा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्य सेवक म्हणून रुजू झालात. चार गावं आणि दोन टोले (लहान वस्त्या) तुमच्याकडे आहेत. वरून दर महिन्याला हिवतापाच्या रक्तनमुन्यांचा आकडा विचारतात. गावात लोक बोट टोचू देत नाहीत, डास होऊ नयेत म्हणून पाण्याची भांडी रिकामी करा म्हटलं की बाया भांडायला उठतात, ग्रामपंचायतीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) मागितली तर 'संपली' म्हणतात. आणि तुम्ही विचारता, या सगळ्यात मी काय केलं म्हणजे माझ्या गावांत साथ पसरणार नाही?

मी याच पदावर नोकरीला लागलो, पुढे आरोग्य सहायक झालो. नागभीड-सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात राहिलो, वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या गावांतही राहिलो. त्यातून जे मत बनलं ते सांगतो. तुम्ही चार अडचणी लिहिल्या आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. गावात कोणाला ताप आला किंवा हगवण लागली की ती बातमी तुमच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? त्याच दिवशी पोचत असेल तर साथ तुमच्या हातात आहे. आठ दिवसांनी पोचत असेल तर रजिस्टर कितीही भरलेलं असो, तुम्ही साथीच्या मागे धावत राहाल. नव्या आरोग्य सेवकाने आधी हा वेळ कमी करण्याच्या मागे लागावं. रक्तनमुने, पाणी, भांडी ही सगळी कामं मग आपोआप जागेवर बसतात.

यात परिस्थितीचा भाग मोठा आहे हे आधीच कबूल करतो. नियमाने आदिवासी आणि डोंगरी भागात एका उपकेंद्राला 3000 लोकसंख्या आणि सपाट भागात 5000, पण तुमचे 3000 लोक जंगलात विखुरलेले असतील तर ते 5000 पेक्षा भारी पडतात. टोल्यावर मोबाईलला रेंज आहे का, आशाताई टोल्यावरचीच आहे की गावातून जाते, सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी उपकेंद्रात राहतात की ये-जा करतात, यावर तुमची अर्धी आखणी ठरेल. यवतमाळ-वर्ध्याकडच्या कापूसपट्ट्यात मी असतो तर डेंग्यू आणि पाण्यापासून सुरुवात केली असती. तुम्ही धान आणि जंगलाच्या मुलखात आहात, म्हणून आधी हिवताप.

लवकर कळण्याचा एवढा आग्रह का, ते हिवतापावरूनच सांगतो. फॅल्सिपेरम हिवतापात माणसाला ताप भरला की लगेच त्याच्यापासून डासाला लागण होत नाही. डासाला लागण करणारी जंतूची अवस्था त्याच्या रक्तात यायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पुढे डासाच्या अंगात आणखी दहा-बारा दिवस जातात, आणि मग तो डास दुसऱ्याला चावून रोग देतो. म्हणजे ताप आल्यावर पहिल्या दोन दिवसांत तपासणी आणि पूर्ण औषध झालं, तर त्या माणसापासून पुढे जवळजवळ कोणालाच लागण होत नाही. नवव्या-दहाव्या दिवशी तुम्ही पोचलात तर माणूस वाचेल, पण तोवर त्याच्या घरातल्या डासांनी आपलं काम सुरू केलेलं असतं. व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकारात ही सवलत मिळत नाही, तिथे ती अवस्था तापाबरोबरच रक्तात येते. शिवाय फॅल्सिपेरम मेंदूवर गेला तर लहान मूल दोन दिवसांत हातचं जाऊ शकतं.

आता तुमचा आकडा. वर्षाला लोकसंख्येच्या किमान 10 टक्के रक्तनमुने हवेत हा जुना निकष आहे. 3000 लोकसंख्येला 300, म्हणजे सरासरी महिन्याला 25. अनेक जण काय करतात, दर महिन्याला 25 चा कोटा पुरा करतात. मार्चमध्ये ताप नसलेल्या माणसाचंही बोट टोचतात, कारण आकडा हवा असतो. लोक बोट टोचू देत नाहीत यामागे हेही एक कारण आहे. धडधाकट माणसाला सुई कशाला? तुम्ही आल्यापासून तापाच्याच माणसाचं रक्त घ्या, पण तापाचा एकही माणूस सोडू नका. माझ्या भागात ताप पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा चढायचा आणि धान कापणीच्या सुमारास पुन्हा. या दोन वेळांना तुमचे नमुने कोट्याच्या दुप्पट-तिप्पट होतील आणि उन्हाळ्यात कमी पडतील. मासिक सभेत विचारणा झाली तर वर्षाची बेरीज आणि तापाच्या रुग्णांची यादी समोर ठेवा. आरडाओरडा झाला तरी ही यादी तुमची बाजू सांभाळते.

किट आणि काच यांतला फरकही लक्षात ठेवा. काचेची पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासून परत यायला आठवडाही लागतो. आरडीटी किट, म्हणजे बोटाच्या रक्तावर जागीच होणारी झटपट चाचणी, पंधरा-वीस मिनिटांत सांगते. म्हणून टोल्यावर आणि दूरच्या गावात किट वापरा, पट्टीही घ्या, पण औषधासाठी पट्टीची वाट पाहू नका. एक गोष्ट मात्र नव्या माणसाला फसवते. फॅल्सिपेरमचं औषध पूर्ण झाल्यावरही किट पुढे काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकतं. महिन्याभरात त्याच माणसाला पुन्हा ताप आला आणि किटवर रेघ उमटली, तर त्याला परत गोळ्या सुरू करण्याआधी पट्टी तपासून घ्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.

बातमी लवकर कळावी यासाठी माणसं जोडावी लागतात, आणि नेमकं हेच प्रशिक्षणात शिकवलेलं नसतं. आशाताई तर आहेच, तिच्याकडे किट आणि गोळ्या नेहमी शिल्लक असतील हे पाहणं तुमचं काम. तिच्याकडचं किट संपलं की टोल्यावरची तपासणीच थांबते. तिच्यापलीकडे बघा. शाळेतल्या गुरुजींना सांगून ठेवा की एका वर्गातली तीन-चार पोरं एकदम गैरहजर राहिली तर फोन करायचा. अंगणवाडीताईंना तसंच. आठवडी बाजाराच्या गावात जो औषध दुकानदार आहे त्याच्याकडे चहा प्या, तापाच्या गोळ्या आणि ओआरएस कोणत्या गावचे लोक जास्त नेतात ते त्याला तोंडपाठ असतं. गावात इंजेक्शन-सलाईन देणारा कोणी असेलच. त्याच्यावर कारवाई करणं तुमच्या अधिकारात नाही, ते वरिष्ठांना कळवा, पण तापाचे रुग्ण कुठे आहेत ते त्याला तुमच्याआधी माहीत असतं हे विसरू नका. आणि गावचा पुजारी. कोरकू गावांत त्याला भूमका म्हणतात. आजारी माणूस बहुतेक वेळा आधी त्याच्याकडे जातो. मी पुजाऱ्याला कधीही 'हे बंद करा' म्हटलं नाही. 'तुमची पूजा करा, पण ताप असेल तर त्याच दिवशी आशाताईला बोलवा, बोट टोचू द्या' एवढंच म्हटलं. बहुतेकांनी ऐकलं. त्यांनाही आपल्या अंगणात पोर दगावलेलं नको असतं.

गृहभेटीची पद्धतही बदला. सकाळी अकराला गावात गेलात तर घरी म्हातारी माणसं आणि कोंबड्या. रोवणीच्या दिवसांत सगळे बांध्यांत, मोहफुलाच्या दिवसांत पहाटेपासून जंगलात, तेंदूपत्त्याच्या हंगामात तर कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी दिवेलागणीला जा. गेल्यावर 'कोणाला ताप आहे का' असं विचारलं की 'नाही' असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, 'आज वावरात कोण गेलं नाही?' जो घरी पडून आहे तो लगेच कळतो. दुसरा प्रश्न, 'रात्री कोण कुठे झोपतं?' धान पिकलं की रानडुकरांच्या भीतीने माणसं वावरात जागलीला जातात. घरात औषधीयुक्त मच्छरदाणी टांगलेली असते आणि घरचा कर्ता पुरुष बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठावर उघड्या मचाणावर झोपलेला असतो. त्या घरात मच्छरदाणी आहे अशी नोंद होते, आणि तापाने तोच माणूस फणफणतो. जागलीला जाणाऱ्यासाठी एक मच्छरदाणी वेगळी काढून द्यायला सांगा. नवी मच्छरदाणी उघडल्यावर आधी एक दिवस सावलीत टांगायची, नाहीतर तोंडाची आग होते आणि तो माणूस ती पुन्हा हातात घेत नाही. धुतल्यावर वाळवायचीही सावलीतच, उन्हात औषध उतरतं.

फवारणीचंही असंच. भिंतीवर मारलेलं औषध साधारण अडीच महिने टिकतं, पण घर सारवलं की ते मातीखाली जातं. पोळा, दिवाळी आली की बाया घर सारवतात, त्यांना दोष देता येत नाही. फवारणीची तारीख आठ दिवस आधी सांगा, 'सारवायचं ते आधी सारवून घ्या' म्हणा. दवंडी द्यायला कोतवालाला पाठवाच, पण बचत गटाच्या बैठकीत तुम्ही स्वतः जाऊन सांगा.

औषधाबद्दल एवढंच म्हणेन की दिलं आणि घेतलं यात मोठी दरी आहे. फॅल्सिपेरमला वयोगटाप्रमाणे वेगळ्या रंगाच्या पाकिटातली एसीटी (आर्टेमिसिनिनवर आधारित एकत्र गोळ्या) तीन दिवस आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एक डोस. व्हायवॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, माणूस रोवणीला जातो, आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दबून बसतात, त्यांच्यासाठीच हे चौदा दिवस असतात. ते पुरे झाले नाहीत तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच माणूस पुन्हा तापतो आणि गावाला पुन्हा देतो. पहिला डोस तुमच्या समोर, जेवणानंतर, गिळलेला बघा. पुढचे दिवस आशाताईने किंवा घरातल्या शाळकरी पोराने पाकिटावर खुणा करायच्या. शाळकरी पोरगी हे काम फार चोख करते. गरोदर बाई आणि एक वर्षाच्या आतलं मूल यांना प्रायमाक्विन द्यायचं नसतं. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी काळपट लाल झाली, डोळे पिवळे पडले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे. तापात झटके, गुंगी, काहीही पोटात न ठरणं, यातलं एक जरी दिसलं तरी किटचा निकाल यायच्या आधी 108 ला फोन करा. गावापर्यंत गाडी येत नसेल तर बैलबंडी, मोटरसायकल, मिळेल ते.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, ताप त्याच दिवशी कळावा, त्याच दिवशी तपासला जावा आणि गोळ्या शेवटपर्यंत पोटात जाव्यात. तुमच्या भागात हिवतापाची साथ मोडते ती इथे.

आता पाण्याची भांडी. तुमच्याशी भांडणाऱ्या बाईचं म्हणणं ऐका. ती म्हणते, "पाणी चार दिवसानं येते, अन् तुम्ही फेकाले सांगता!" ती खरं बोलते. ज्या घरात हातपंपावरून हंड्याने पाणी आणून रांजण भरलाय तिथे रांजण उलटा करा म्हणणं हा अन्यायच आहे. मी असं करायचो: दुसरं भांडं मागून त्यावर दुहेरी फडकं बांधायचं, रांजणातलं पाणी त्यातून गाळून घ्यायचं, रिकामा रांजण आतून काथ्याने किंवा राखेने घासायचा, आणि पाणी परत ओतून वरून फडकं बांधायचं. पाणी वाया जात नाही, अळ्या फडक्यावर राहतात. घासणं महत्त्वाचं, कारण डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या वर काठाला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर पुढच्या वेळी भरल्यावर तीच अंडी फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा.

सांगण्यापेक्षा दाखवण्याने काम होतं. बॅटरीचा उजेड रांजणात टाका, अळ्या खाली पळतात. एक पांढरी वाटी मागा, तळाचं पाणी काढा, आणि वाटी त्या बाईच्या हातात द्या. काळपट, वळवळणाऱ्या, पाण्याच्या वर शेपूट लावून उलट्या लटकलेल्या अळ्या ती आपल्या डोळ्यांनी बघते. मग काचेच्या बरणीत त्या अळ्या थोड्या पाण्यासह भरायच्या, तोंडाला पातळ कापड बांधायचं आणि बरणी शाळेत ठेवायची. चार-पाच दिवसांत बरणीत डास उडायला लागतात. पोरं ती बरणी बघून घरी जातात आणि आईच्या मागे लागतात. तुमची दहा भाषणं एवढं करणार नाहीत.

विदर्भात कूलर विसरू नका. उन्हाळाभर चालतो तोवर पाणी हलतं, बदललं जातं. पहिला पाऊस पडला की कूलर बंद होतो, आणि तळाशी बोटभर पाणी राहतं. जूनचे शेवटचे दिवस गावातले सगळे कूलर उपडे करून, ताट्यांचं गवत काढून घेण्यात घालवा. याशिवाय पंक्चरच्या दुकानातले टायर, न वापरलेल्या शौचालयाची टाकी, गुरांना पाणी पाजायची हौदी. हौदी रिकामी करता येत नसेल तर गप्पी मासे. बोडीतही गप्पी सोडा. शौचालयाच्या सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधणंही सोपं आणि स्वस्त काम आहे, हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास तिथूनच निघतो.

टीसीएलचं सांगतो, कारण तिथे नुसता भावनेने प्रश्न सुटत नाही, हिशोब लागतो. 1000 लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची टीसीएल अडीच ग्रॅम. विहिरीचं पाणी मोजायला दोरीला दगड बांधून खोली काढा, आणि व्यास मीटरमध्ये मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 3.14 भागिले 4, त्याला 1000 ने गुणलं की लिटर. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर साधारण 28,000 लिटर, म्हणजे 70 ग्रॅम टीसीएल. पाणी गढूळ असेल किंवा गावात हगवण सुरू असेल तर दुप्पट. ही पावडर सरळ विहिरीत फेकलेली मी खूप ठिकाणी पाहिली, ती तळाला जाऊन बसते. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायची, दहा मिनिटं निवळू द्यायची. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं, खालचा चुना टाकून द्यायचा. ती बादली दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली हिसके द्यायचे, म्हणजे क्लोरीन सगळीकडे मिसळतं. रात्री पाणी भरणं थांबल्यावर करा, किमान एक तास पाणी उपसू देऊ नका. सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून बघायची चाचणी. पिवळा रंग आला पाहिजे, आणि तो विहिरीवरच्या नमुन्यात येऊन भागत नाही, नळयोजना असेल तर शेवटच्या घरच्या नळाला आला पाहिजे. शेवटच्या घरी रंग येत नसेल तर मध्ये कुठेतरी पाइप फुटलेला असू शकतो. आधी व्हॉल्व्हचे खड्डे बघा. त्यात साचलेलं घाण पाणी नळ बंद असताना पाइपात ओढलं जातं.

पावडर जुनी झाली, पिशवी उघडी राहिली की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं. ताज्या पावडरीत ते साधारण 33 टक्के असतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवायला सांगा. आणि 'संपली' या उत्तरावर सरपंचांशी वाद घालू नका. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच दोघांच्या नावे पत्र द्या, किती साठा होता, किती उरला, किती लागेल ते लिहा, पोच घ्या, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाणी स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्ड कोणत्याही सरपंचाला नको असतं. जलसुरक्षकाला मात्र आपलासा करा, रोजची टीसीएल तोच टाकतो. त्याचं मानधन थकलेलं असेल तर तुमच्या पत्रात तेही लिहा. थकलेल्या मानधनावर कोणी पहाटे उठून टाकीवर चढत नाही.

हे सगळं करूनही हगवणीची लागण झालीच तर? 2022 च्या जुलैमध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत उघड्या विहिरीचं दूषित पाणी प्यायल्याने कॉलरा पसरला, माणसं दगावली. एका विहिरीतून किती लवकर घराघरांत आजार जातो ते त्यातून आपल्याला कळायला हवं. एकाच गावात एका दिवसात दोन-तीन घरांत उलट्या-हगवण दिसली की त्याच वेळी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा. 'उद्या रिपोर्टमध्ये टाकतो' म्हणू नका. मग कागदावर गावाचा साधा नकाशा काढा, आजारी घरांवर खूण करा आणि प्रत्येक घर कुठलं पाणी पितं ते लिहा. पाच-दहा घरं झाली की संशयाची विहीर किंवा हातपंप बहुतेक वेळा समोर येतो. पाण्याचा नमुना टीसीएल टाकण्याच्या आधी घ्या, आणि शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. घाईत हे उलटं होतं आणि मग कारण कधीच कळत नाही. तोवर घरोघरी ओआरएस. एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, चोवीस तासांत संपवायचं, उरलेलं फेकायचं. लहान मुलांना झिंक पूर्ण चौदा दिवस, हगवण थांबली तरी. डोळे खोल गेलेलं, पाणी न पिणारं, मरगळलेलं मूल गावात ठेवू नका.

हिवतापाची तपासणी निगेटिव्ह आली की काम संपलं असं समजू नका, कारण तापाची कारणं पुष्कळ आहेत. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि धोक्याचे एक-दोन दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. पोट फार दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं हे त्या घरी आधीच सांगून ठेवा. तापाला पॅरासिटामॉल ठीक, अंगदुखीसाठी दुकानातून ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन आणून देऊ नका. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये गवत कापणाऱ्या, गुरं चारणाऱ्या माणसाचा ताप आठवडाभर हटत नसेल तर त्याची काख, कंबर, जांघ बघा, बाई असेल तर सिस्टरला बघायला सांगा. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली असेल आणि ती दुखत नसेल तर स्क्रब टायफस (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप) धरून चाला. 2018 मध्ये नागपूर विभागात या आजाराने माणसं दगावली. वेळेत डॉक्सिसायक्लिन मिळालं तर रुग्ण दोन-तीन दिवसांत उठून बसतो, पण ती खपली कोणीतरी शोधावी लागते. आणि लहान मुलाला अचानक जोराचा ताप येऊन काही तासांत झटके आले तर चांदीपुरा किंवा जपानी मेंदूज्वर असू शकतो. चांदीपुराचा विषाणू 1965 मध्ये नागपूरजवळच सापडला होता. तो वाळूमाशीमुळे पसरतो, आणि ती भिंतीच्या भेगांत आणि गुरांच्या कोठ्यात राहते. भेगा बुजवणं आणि कोठा कोरडा ठेवणं एवढंच गावाच्या हातात, बाकी रुग्णालय.

क्षयरोग, कुष्ठरोग आणि हत्तीरोग सावकाश पसरतात, म्हणून मागे पडतात. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीचा नमुना, आणि न दुखणारा, न खाजणारा, बधिर चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे. बाबा आमट्यांचं आनंदवन याच मुलखात उभं राहिलं, तरीही कुष्ठरोग लपवला जातो. चट्ट्याबद्दल चार लोकांत विचारलंत तर तो माणूस पुन्हा तुमच्यासमोर येणार नाही. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटून येऊ नका, जेवण झाल्यावर समोर गिळायला लावा. रात्रीचे रक्तनमुने घ्यायचे असतात कारण ते जंतू रात्रीच वरच्या रक्तात येतात, हे लोकांना नीट सांगितलं तर ते उठून दार उघडतात.

एक धोक्याची सूचना. तुमच्या गावांत रुग्ण जास्त निघाले म्हणजे तुमचं काम वाईट, असं मानणारे वरिष्ठ भेटतील. 'एवढे पॉझिटिव्ह कशाला दाखवता' असंही ऐकावं लागेल. दाखवा. तुम्ही चांगलं काम सुरू केलंत की पहिल्या वर्षी रुग्ण वाढलेलेच दिसतील, कारण आधी ते मोजलेच जात नव्हते. पोर्टलवर दडवलेला रुग्ण गावात मात्र डासाला सापडतोच.

स्वतःचीही काळजी घ्या. प्रत्येक माणसाला नवी लॅन्सेट, हातमोजे, वापरलेल्या सुया वेगळ्या डब्यात. गवतात जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट. वाघाचा वावर असलेल्या वाटेवर संध्याकाळी एकटे जाऊ नका, परतायला उशीर होणार असेल तर गावात मुक्काम करा. माडिया, गोंडी येत नसेल तर आशाताईला बरोबर घ्या आणि तिच्याकडून रोज थोडे शब्द शिका.

आत्ता लगेच काय करायचं ते सांगतो. पाऊस लागला की तुमच्या टोल्यांची वाट नाल्याच्या पाण्याने तुटणार. त्याआधी टोल्यावरच्या आशाताईकडे, आशा नसेल तर अंगणवाडीताईकडे, महिनाभर पुरतील एवढी किटं, वयोगटांप्रमाणे एसीटीची पाकिटं, क्लोरोक्विन, प्रायमाक्विन, पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक आणि टीसीएलचा एक घट्ट डबा पोचता करा. साठ्याची मागणी आजच लिहून द्या. टोल्यावर नऊ महिने पुरे होत आलेल्या गरोदर बाया किती आणि पाच वर्षांखालची पोरं किती, ही यादी सिस्टरकडून घ्या. नाल्याला पूर आल्यावर कोणत्या वाटेने माणूस बाहेर काढता येतो, ते तिथल्या चार जुन्या माणसांना विचारून ठेवा. पहिला आठवडा एवढ्यातच जाईल. पुढे काही अडलं तर गावाचं पाणी कुठून येतं, आशा कुठे राहते आणि गेल्या पावसाळ्यात ताप कोणत्या महिन्यात वाढला होता, एवढं लिहून विचारा, म्हणजे नेमकं सांगता येईल.